रोमानियाची व्हॉलीबॉलपटू : कारखान्याच्या संघापासून नगरपालिकेच्या क्लबापर्यंत

रोमानियाच्या कोणत्याही आघाडीच्या महिला व्हॉलीबॉलपटूच्या कारकिर्दीचा तपशील पाहिला, तर त्यात राष्ट्रीय संघापेक्षा क्लबांची नावेच अधिक जागा व्यापतात, आणि ती नावे पिढीगणिक बदलत गेलेली दिसतात. साठच्या दशकातील खेळाडूच्या नावापुढे दिनामो किंवा रॅपिड असा बुखारेस्टमधील एखादा संघ असतो आणि पुष्कळदा यादी तिथेच संपते. नव्वदच्या दशकातील खेळाडूच्या यादीत इटली, ब्राझील असे देश येतात. गेल्या पंधरा-वीस वर्षांतील खेळाडूंच्या बाबतीत पुन्हा रोमानियातलीच गावे डोकावू लागतात; मात्र आता क्लब नगरपालिकेचा असतो. हा सगळा फरक खेळाडूंच्या आवडीनिवडीतून आलेला नाही. खेळाडूला पगार कोण देतो, या प्रश्नाचे उत्तर पाऊण शतकात तीनदा बदलले आणि तिची कारकीर्द कुठे सुरू व्हावी, किती चालावी आणि कुठे संपावी हेही त्यासोबत बदलले. राष्ट्रीय संघाची घसरणही मुख्यतः याच प्रश्नाशी निगडित आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ‘तशा मुली आता तयारच होत नाहीत’ हे बुखारेस्टमध्येच नव्हे, कुठल्याही देशात ऐकू येणारे स्पष्टीकरण सोपे असले तरी पुरेसे नाही.

रोमानियात हा खेळ पहिल्या महायुद्धानंतर रुजला आणि १९३१ मध्ये बास्केटबॉल व व्हॉलीबॉल यांचा एकत्रित राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. एप्रिल १९४७ मध्ये पॅरिस येथे चौदा देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघ स्थापन केला, त्या चौदांत रोमानिया होता. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा १९५२ मध्ये मॉस्कोत झाली. आठ संघांच्या त्या स्पर्धेत सोव्हिएत संघ पहिला आणि रोमानिया पाचवा आला. त्याच स्पर्धेत भारताचा महिला संघही उतरला होता आणि तो आठव्या स्थानावर राहिला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला आठवत नाही. चारच वर्षांनी, १९५६ मध्ये, पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत रोमानियाच्या महिलांनी सोव्हिएत संघापाठोपाठ दुसरे स्थान मिळवले आणि पोलंडला तिसऱ्या स्थानावर ठेवले. जागतिक स्पर्धेत या संघाला मिळालेले हे सर्वोच्च यश आहे. त्याच वर्षी त्यांच्या पुरुषांनाही रौप्यपदक मिळाले. एकाच स्पर्धेत दोन्ही संघ दुसरे येण्यासाठी एखाददुसरा प्रतिभावान खेळाडू पुरत नाही, त्यामागे व्यवस्था असावी लागते.

ती व्यवस्था अशी होती. साम्यवादी राजवटीत खेळाडू कागदोपत्री हौशी असे, परंतु तिचे नाव कुठल्या ना कुठल्या सरकारी खात्याच्या, कारखान्याच्या किंवा विद्यापीठाच्या पटावर असे. दिनामो हा गृहखात्याचा क्लब होता, तर रॅपिड रेल्वेचा. विद्यापीठांचे स्वतंत्र संघ होते. ईशान्येकडील याश या शहरात १९५५ मध्ये प्रतिजैविकांचा मोठा कारखाना उभा राहिला आणि त्याच्या आश्रयाने वाढलेला महिलांचा व्हॉलीबॉल संघ पेनिसिलिना या नावाने देशभर ओळखला गेला. आपल्याकडे रेल्वे, पोलीस किंवा बँकेत क्रीडा कोट्यातून नोकरी मिळालेल्या खेळाडूचे जे स्थान असते, त्याच्याशी हे बरेचसे जुळते. मात्र आपल्याकडे ती एक वाट असते, आणि तिथे दुसरी वाटच नव्हती. मुलगी साधारणतः शालेय क्रीडा क्लबातून पुढे येई, तिथला प्रशिक्षक हा शारीरिक शिक्षणाचा पदवीधर असे, कारण बुखारेस्टमध्ये १९२२ पासून शारीरिक शिक्षणाची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था चालत आली होती. पुढे एखाद्या मोठ्या क्लबाची नजर तिच्यावर पडली की राहण्याची सोय, नोकरी आणि सराव या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी मिळत. उत्तम कामगिरी केल्यास राज्याकडून ‘क्रीडा-निपुण’ अशी पदवी मिळे. देशाबाहेर खेळायला मिळे ते केवळ देशासाठी किंवा क्लबासाठी. स्वतःसाठी बाहेर जाण्याचा विचार खाजगीतसुद्धा जपून करावा लागे.

या व्यवस्थेचा सर्वोत्तम काळ म्हणजे साठच्या दशकाची पहिली पाच वर्षे. १९६३ ची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा रोमानियात झाली. पुरुषांनी सुवर्ण जिंकले आणि महिला सोव्हिएत संघ व पोलंड यांच्या पाठोपाठ तिसऱ्या आल्या. रॅपिडचा पुरुष संघ त्याच काळात, १९६१ ते १९६५ दरम्यान, तीन वेळा युरोपचा अजिंक्य क्लब ठरला. व्हॉलीबॉल हा तेव्हा बुखारेस्टचा मानाचा खेळ होता. नादिया कोमानेचीमुळे रोमानिया म्हटले की जिम्नॅस्टिक्स आठवण्याची सवय जगाला लागली, ती पुढे १९७६ नंतर.

१९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकचे महत्त्व रोमानियापुरते नाही. ऑलिम्पिकच्या इतिहासात महिलांना सांघिक खेळात प्रथमच स्थान मिळाले ते याच व्हॉलीबॉल स्पर्धेत. संघ होते सहा : जपान, सोव्हिएत संघ, पोलंड, रोमानिया, अमेरिका आणि दक्षिण कोरिया. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे, म्हणजे पाच सामने. आना मोकान, सोनिया कोलचेरू, दोइना इव्हानेस्कू, लिया व्हानेआ, कोर्नेलिया लाझेआनू यांच्यासारख्या खेळाडूंनी भरलेल्या रोमानियाच्या संघाने अमेरिका आणि कोरिया यांना हरवले आणि उरलेले तीन सामने गमावले. स्थान आले चौथे, म्हणजे पदकापासून एक पायरी दूर. महिला संघाची ऑलिम्पिकमधील सर्वोच्च कामगिरी आजही तीच आहे.

त्या स्पर्धेतील जपानचा संघ हा रोमानियाच्या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखा आहे. प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु यांच्या हाताखालील बहुतेक खेळाडू निचिबो या कापड उद्योगाच्या काइझुका येथील गिरणीतल्या कर्मचारी होत्या. दिवसभर कार्यालयात काम आणि नंतर रात्री उशिरापर्यंत सराव, असा त्यांचा दिनक्रम होता. अंगावर येणारा चेंडू घेताना जमिनीवर लोळण घेऊन त्याच वेगाने पुन्हा उभे राहायचे आणि पुढच्या चेंडूला तयार व्हायचे, हे तंत्र त्यांनी इतके घोटले होते की समोरच्या संघाचे स्मॅश संपत पण त्यांचा बचाव संपत नसे. संपूर्ण स्पर्धेत त्यांनी एकच सेट गमावला, तोही पोलंडविरुद्ध. अर्थात रोमानियाला त्यांच्याविरुद्ध एकही सेट मिळाला नाही. जपानचा संघ गिरणीचा, रोमानियाचा संघ खात्यांचा आणि कारखान्यांचा. दोन्हीकडे खेळाडूचा पगार तिच्या मालकाकडूनच येत होता. समाजवादी देशांतील खेळाडू प्रत्यक्षात व्यावसायिक होत्या आणि बाकीचे देश शुद्ध हौशी, ही पाश्चात्त्य वर्तमानपत्रांची आवडती मांडणी टोकियोच्या अंतिम यादीपुढे टिकत नाही. खरा फरक सरावाच्या तासांचा आणि ते तास पदरमोड करून पुरवणाऱ्या मालकाचा होता.

त्यानंतर रोमानियाच्या महिला मागे पडल्या. जपान आणि सोव्हिएत संघ यांच्यातील स्पर्धेमुळे खेळाचा वेग वाढला; १९७८ मध्ये क्युबाच्या महिला जगज्जेत्या झाल्या; ऐंशीच्या दशकात चीन आणि पेरू पुढे आले. क्युबाच्या खेळाडूंची उडी आणि चीनची संयोजने यांना उत्तर द्यायचे तर बाहेरच्या संघांशी सतत खेळत राहणे आवश्यक होते, आणि बंद दारांच्या देशाला नेमके तेच परवडत नव्हते. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये बहिष्कारामुळे अमेरिका, जपान आणि चीन आले नाहीत, तरीही आठ संघांत रोमानिया आठवा राहिला. सातव्या स्थानावर ब्राझील होता, ज्याचा महिला संघ प्रथमच ऑलिम्पिक खेळत होता. पुरुषांनी त्याच स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, म्हणून देशात त्या आठव्या क्रमांकाची चर्चा फारशी झाली नाही. रोमानियाच्या महिला त्यानंतर एकदाही ऑलिम्पिकच्या मैदानावर दिसलेल्या नाहीत. १९८४ मध्ये सोव्हिएत गटाचा बहिष्कार झुगारून रोमानिया लॉस एंजेलिसला गेला आणि वीस सुवर्णपदके घेऊन परतला, पण त्या पथकात महिला व्हॉलीबॉल संघ नव्हता.

ऐंशीच्या दशकातील खेळाडूच्या आयुष्याचा विचार करताना मैदानाबाहेरच्या दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली म्हणजे पारपत्र. स्पर्धेसाठी बाहेर गेलेला खेळाडू परत येईलच याची सरकारला खात्री नसे, आणि ती भीती निराधारही नव्हती : पुरुष संघातील स्टेलियान मोकुलेस्कू १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकसाठी गेले ते पश्चिम जर्मनीतच राहिले आणि पुढे जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. साहजिकच प्रत्येक दौऱ्यात खेळाडूंवर नजर असे. दुसरी गोष्ट केवळ स्त्रियांची. ऑक्टोबर १९६६ मध्ये निघालेल्या ७७० क्रमांकाच्या हुकुमाने गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली आणि ती राजवट कोसळेपर्यंत टिकली. ज्या वयात व्हॉलीबॉलपटू ऐन भरात असते, त्याच वयात आपल्या शरीराचे वेळापत्रक तिच्या हाती नव्हते. १९६७ मध्ये जन्मांची संख्या आदल्या वर्षीच्या सुमारे पावणेतीन लाखांवरून सव्वापाच लाखांच्या आसपास गेली. या वाढीव जन्मांमुळे सत्तर-ऐंशीच्या दशकांत शाळांचे वर्ग भरले आणि शालेय क्रीडा क्लबांना निवडीसाठी भरपूर मुली मिळाल्या, हा त्या कठोर कायद्याचा एक विचित्र परिणाम म्हणावा लागेल.

डिसेंबर १९८९ मध्ये हुकूमशहा चाउशेस्कूची साम्यवादी राजवट संपली आणि खेळाडूचा मालक अक्षरशः एका हिवाळ्यात नाहीसा झाला. खात्यांचे अंदाजपत्रक आटले, कारखाने तोट्यात गेले किंवा विकले गेले, आणि ज्यांच्या पटावर खेळाडू होते त्यांना आता कामगारांचेच पगार देता येईनात. मात्र सीमा उघडल्या होत्या. व्हॉलीबॉलमध्ये परदेशी क्लबाशी करार करताना खेळाडूला आंतरराष्ट्रीय हस्तांतरण प्रमाणपत्र लागते : नवा क्लब, त्या देशाचा महासंघ, खेळाडूच्या मूळ देशाचा महासंघ आणि आंतरराष्ट्रीय महासंघ या सर्वांची संमती एका कागदावर यावी लागते, तिच्यासाठी शुल्क भरावे लागते आणि प्रमाणपत्राची मुदत संपली की खेळाडू पुन्हा मूळ महासंघाकडे जाते. पूर्वी जे काम मंत्रालयाच्या मर्जीवर अडून राहायचे, ते आता शुल्क आणि सह्या यांवर होऊ लागले. पश्चिमेकडे, विशेषतः इटलीत, महिलांच्या लीगमध्ये पैसा होता आणि चांगल्या शाळेत घडलेल्या पण स्वस्तात मिळणाऱ्या पूर्व युरोपीय खेळाडूंना मागणी होती.

या पिढीचा चेहरा म्हणून क्रिस्तिना पिर्व हिचे नाव घ्यावे लागते. तिचा जन्म २७ जून १९७२ रोजी तुर्दा या ट्रान्सिल्व्हेनियातील गावी झाला, जे जुन्या मिठाच्या खाणीसाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे तिचे बालपण आणि खेळाचे प्राथमिक शिक्षण जुन्या व्यवस्थेत झाले आणि राजवट कोसळली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. परदेशी करारासाठी यापेक्षा योग्य वेळी जन्म घेणे कठीण. राष्ट्रीय संघासाठी ती १९९४ च्या जागतिक स्पर्धेत खेळली, पण तिचे खरे नाव झाले ते बाहेर. इटलीत खेळल्यानंतर ती ब्राझीलला गेली आणि बेलो ओरिझोंते शहरातील मिनास या जुन्या क्लबाकडून खेळताना २००१-०२ च्या हंगामात तिने तिथली राष्ट्रीय लीग जिंकली. ब्राझीलच्या लीगमध्ये परदेशी खेळाडूने प्रमुख स्मॅशर म्हणून संघ ओढणे ही त्या काळी रोजची गोष्ट नव्हती. मॉस्कोत रोमानियाच्या एक जागा वर राहिलेला तो नवखा ब्राझील आता जगातील पहिल्या काही संघांत मोडत होता, आणि रोमानियाची सर्वात चमकदार खेळाडू त्याच्या लीगची शोभा वाढवत होती. २००३ मध्ये तिने ब्राझीलच्या पुरुष संघाचा तारा गिबा याच्याशी लग्न केले. ऑगस्ट २००४ मध्ये अथेन्स ऑलिम्पिक सुरू असताना त्यांच्या मुलीचा जन्म झाला, आणि तो त्या वेळी संघासोबत ग्रीसमध्ये होता. दोघे पुढे वेगळे झाले. वृत्तपत्रांनी तिच्या खेळापेक्षा या संसारावर अधिक शाई खर्च केली, हे स्त्री खेळाडूंच्या बाबतीत नेहमीचेच.

तिच्याहून तीन वर्षांनी लहान असलेली कार्मेन त्सुर्ल्या ही इटालियन लीगमध्ये दीर्घकाळ खेळलेली दुसरी मोठी नावाजलेली स्मॅशर. अशा दोघीतिघी एका वेळी संघात असूनही रोमानियाला मोठे पदक मिळाले नाही. पदके ही केवळ चांगल्या स्मॅशरने मिळत नसतात. बाहेर खेळणाऱ्या मुली हंगाम संपवून उन्हाळ्यात थकून घरी येतात आणि काही आठवड्यांच्या शिबिरात त्यांना लिफ्टरशी, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्या खेळाडूशी, ताळमेळ जमवावा लागतो, तर साठच्या दशकातील संघ वर्षाचे बारा महिने एकमेकींचे हात ओळखत असे. शिवाय मागे उरलेली देशांतर्गत लीग कमकुवत झाली होती, त्यामुळे पुढच्या पिढीला आठवड्याला एखादाही कठीण सामना मिळेनासा झाला. याच सुमारास नियम बदलले. १९९८ मध्ये लिबेरो, म्हणजे केवळ बचावासाठी असलेली खेळाडू, आली आणि १९९९ पासून प्रत्येक चेंडूवर गुण देत सेट २५ गुणांचा झाला. जुन्या पद्धतीत फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच गुण मिळे, म्हणून १५ गुणांचा एक सेट तासभरही रेंगाळू शके आणि पिछाडीवरचा संघ केवळ चिकाटीच्या जोरावर परत येई. नव्या पद्धतीत प्रत्येक चुकीची किंमत ताबडतोब मोजावी लागते. रोमानियाची जुनी शाळा चिकाटीची होती. बुटक्या पण चपळ मुलींना मात्र लिबेरोमुळे कारकिर्दीची नवी वाट मिळाली.

तिसरा मालक आला तो नव्या शतकात. कायद्याने स्थानिक पालिकांना क्रीडा क्लब चालवता येऊ लागले आणि नावापुढे ‘सीएसएम’, म्हणजे पालिकेचा क्रीडा क्लब, लावणारे संघ शहरोशहरी उभे राहिले. राजधानीचा सीएसएम बुखारेस्ट हा त्यांतला सर्वात श्रीमंत. त्याच्या महिला व्हॉलीबॉल संघाने २०१६ मध्ये युरोपचा चॅलेंज कप जिंकला. त्याच वसंतात त्याच क्लबाच्या महिला हँडबॉल संघाने चॅम्पियन्स लीग जिंकली, आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पानांवर कोणाचे छायाचित्र आले असेल हे सांगायला नको. रोमानियात उंच आणि जोरदार खांद्याच्या मुलीला दहाव्या-बाराव्या वर्षी आधी हँडबॉलचा प्रशिक्षक गाठतो. व्हॉलीबॉलची पहिली लढाई तिथेच होते.

पालिकेच्या पैशाचा सर्वात ठळक प्रयोग ब्लाझ येथे झाला. ट्रान्सिल्व्हेनियातील हे सुमारे वीस हजार वस्तीचे गाव. १८४८ च्या राष्ट्रीय सभेमुळे आणि ग्रीक-कॅथलिक शाळांमुळे रोमानियन इतिहासात त्याला मोठे स्थान आहे, खेळाच्या इतिहासात नव्हते. दार्को झाकोच यांच्या प्रशिक्षणाखाली आल्बा ब्लाझ संघाने राष्ट्रीय विजेतेपदांची रांग लावली आणि मे २०१८ मध्ये तो चॅम्पियन्स लीग या युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. अंतिम चार संघांचा टप्पा बुखारेस्टमध्येच भरला होता. यजमानपद घेणाऱ्या संघाला थेट या टप्प्यात प्रवेश देण्याच्या तेव्हाच्या नियमाचा ब्लाझला लाभ झाला हे खरे. पण उपांत्य सामना नियमाने जिंकून मिळत नाही. अंतिम सामन्यात इस्तंबूलच्या वाकिफबँकने त्यांना सरळ तीन सेटमध्ये हरवले. पुढच्याच वर्षी ब्लाझ युरोपीय व्हॉलीबॉल महासंघाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या, सीईव्ही कप स्पर्धेतही उपविजेता ठरला. त्या संघात न्नेका ओनयेजेक्वे हिच्यासारखी राष्ट्रीय संघाची मिडल ब्लॉकर, म्हणजे जाळ्याच्या मध्यभागी स्मॅश अडवणारी खेळाडू, होती, परंतु चेंडू वाटणाऱ्या आणि शेवटचा स्मॅश मारणाऱ्या जागांवर मुख्यतः परदेशी खेळाडू होत्या. पालिकेला निकाल याच हंगामात हवा असतो, कारण निवडणूक ठरलेल्या वर्षी येते. अठरा वर्षांच्या स्थानिक मुलीला त्या जागांवर तीन हंगाम चुका करू देण्याइतका धीर अशा क्लबापाशी क्वचितच असतो.

त्याचा परिणाम २०२१ मध्ये दिसला. महिलांची युरोपीय स्पर्धा सर्बिया, बल्गेरिया, क्रोएशिया आणि रोमानिया यांनी मिळून भरवली आणि रोमानियाचा गट क्लुझच्या भव्य सभागृहात, पिर्वच्या तुर्दापासून तासाभराच्या आत, खेळला गेला. घरच्या प्रेक्षकांसमोर रोमानिया गटातूनच बाहेर पडला. त्याच गटातून स्वीडन पुढे गेला. व्हॉलीबॉलची नाव घेण्याजोगी लीग त्या देशात नाही, पण आपल्या मुली लहान वयातच परदेशी क्लबांत पाठवून त्यांच्याभोवती संघ बांधण्याची पद्धत त्यांनी धीराने राबवली, आणि इसाबेल हाक हिच्या रूपाने जगातील एक अव्वल स्मॅशर त्यांच्याकडे होती.

शालेय क्रीडा क्लबांचे जाळे रोमानियात अजून आहे, प्रशिक्षकही आहेत. घटली आहे ती मुलींची संख्या. १९९२ च्या जनगणनेत २ कोटी २८ लाख असलेली लोकसंख्या २०२१ मध्ये १ कोटी ९० लाखांवर आली. जन्म कमी झाले आणि लाखो तरुण कुटुंबे इटली-स्पेनला गेली, त्यांतल्या काही मुली आता तिथल्याच शाळांत खेळतात. २००० च्या क्रीडा कायद्याने ऑलिम्पिक पदकविजेत्यांना आजीव मानधनाची तरतूद केली. टोकियोचे चौथे स्थान त्या तरतुदीत बसत नाही.